कथेची चाल आणि स्पर्धेची घाई

गेल्या उन्हाळ्यांत नव्या पेठेंतील माझ्या घरीं एक जाडजूड गठ्ठा येऊन पडला. एका संस्थेनें भरविलेल्या लघुकथा-स्पर्धेसाठीं आलेल्या कथा त्यांत होत्या, आणि तीन परीक्षकांपैकीं एक या नात्यानें त्या मीं वाचावयाच्या होत्या. खालीं रस्त्यावर कापडदुकानांची वर्दळ, वर माडीवर सोलापूरचें वैशाखांतलें ऊन, अशा स्थितींत मीं शंभराहून अधिक कथा आठ दिवसांत वाचून काढल्या. ‘वाचून काढल्या’ हेंच क्रियापद येथें योग्य आहे. कारण वाचणें निराळें आणि वाचून काढणें निराळें. चौथ्या दिवशीं एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली व तिनें मला अस्वस्थ केलें. निम्म्याहून अधिक कथांच्या पहिल्याच वाक्यांत कोणी तरी मेलेलें होतें, मरत होतें, किंवा कोणाच्या तरी मरणाची वार्ता घेऊन फोन खणखणत होता. आणि जवळजवळ तितक्याच कथांच्या शेवटच्या वाक्यांत असें निष्पन्न होत होतें कीं, जो मेला असें आपण समजत होतों तो जिवंतच होता, अथवा जो आतांपर्यंत बोलत होता तोच मेलेला होता. मधल्या पानांत पात्रें नुसतीं धांवत होतीं. कोणी बसलेला नव्हता, कोणी वाट पाहात नव्हता, कोणाला ऊन लागत नव्हतें.

या लेखकांची एकमेकांशीं ओळख असण्याचा संभव नव्हता. कोणी बार्शीचा, कोणी लातूरचा, कोणी पुण्याचा. तेव्हां एवढ्या माणसांना एकच खोड स्वभावतः लागली असेल हें मला पटेना. ती खोड त्यांना लावलेली आहे. स्पर्धेच्या नियमपत्रकांत लिहिलेलें असतें कीं, कथा पंधराशें शब्दांपेक्षां मोठी नसावी. आणि कथालेखनाच्या कार्यशाळांतून त्या नियमावरचें भाष्य ऐकावयास मिळतें: परीक्षकाला पहिल्याच परिच्छेदांत पकडा, त्याच्याजवळ वेळ नसतो, शेवटीं धक्का द्या, म्हणजे गुण देतांना तो तुम्हांला विसरणार नाहीं. या उपदेशांत कथेचा विचार कोठेंहि नाहीं. विचार आहे तो थकलेल्या परीक्षकाचा. माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, कथेची गति ठरविण्याचा जो अधिकार कथेच्या विषयाचा, तो आमच्या स्पर्धांनीं काढून घेऊन परीक्षकाच्या थकव्याच्या हातीं दिला आहे. आणि या अपराधांत मी स्वतः सामील आहें.

प्रथम शब्दाचा घोळ निस्तरला पाहिजे. गति म्हणजे वेग नव्हे. कथेंत दोन काळ एकाच वेळीं चालत असतात: एक पात्रांच्या आयुष्यांतला आणि दुसरा वाचकाच्या वाचनांतला. दहा वर्षें एका ओळींत उलटून जातात, आणि दाराची कडी काढावयास लागणारा क्षण दोन पानें व्यापून बसतो. कोठें ओळ खर्चावयाची व कोठें पान, या निवडीलाच कथेची गति म्हणतात. ही निवड करतांना लेखक वाचकाला न सांगतां सांगत असतो कीं, यांतलें महत्त्वाचें काय आहे. म्हणून गति हा कथेचा अलंकार नसून तिचें मत आहे. आमच्या सोलापुरांत ही गोष्ट कोणाला फार समजावून सांगण्याची गरज पडूं नये. मागावर धोटा किती जोरानें धांवतो यावरून चादरीची प्रत ठरत नाहीं; इंचाइंचांत धागे किती बसले यावरून ती ठरते. विरळ विणलेली चादर लवकर तयार होते, आणि तितक्याच लवकर फाटते.

कथा लांब असली म्हणजे चांगली, असा याचा अर्थ कोणी करूं नये. खांडेकरांची रूपककथा एका-दोन पानांत संपते, व तिला आणखी चार पानें दिलीं तर ती गुदमरून मरेल. माझा कटाक्ष आंखूडपणावर नाहीं, आधींच कापून ठेवलेल्या मापावर आहे. ज्या विषयाला द्रुत लय हवी त्याला ती जरूर द्यावी. परंतु ज्या मैफलींत प्रत्येक गवयाला ‘विलंबित गाऊं नका, वेळ नाहीं’ असें दारांतच बजावलें जातें, तेथें ख्याल ऐकूं आला नाहीं तर दोष गवयांचा कसा मानावयाचा?

मराठींत हा वाद नवा नाहीं. ना. सी. फडके यांचें ‘प्रतिभासाधन’ १९३१ सालीं प्रसिद्ध झालें, आणि कथेला तंत्र असतें व तें शिकतां येतें, हा विचार त्यांनीं मराठी लेखकांच्या मनांत रुजविला. त्याचें श्रेय त्यांना दिलेंच पाहिजे. पण गुरूनें शास्त्र सांगावें आणि शिष्यांनीं त्याचा सांचा करावा, असें नेहमींच घडतें. चटकदार प्रारंभ, चढती उत्कंठा आणि कलाटणीचा शेवट, एवढ्यांतच पुष्कळांना कथा आटोपली असें वाटूं लागलें. य. गो. जोशी यांनीं ‘ग्यानबा-तुकाराम आणि टेक्निक’ लिहून या तंत्राच्या स्तोमाची टर उडविली. पुढें १९४५ च्या आगेमागें गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांची पिढी आली आणि तिनें सांचाच मोडून टाकला. गाडगीळांचीं ‘मानसचित्रें’ १९४६ चीं, माडगूळकरांचीं ‘माणदेशी माणसं’ १९४९ चीं. ज्या माणदेशांतलीं हीं माणसें, तो आमच्या सांगोल्याच्या बाजूचाच मुलूख. त्यांच्या चित्रणांत कलाटणी शोधूं गेल्यास हातीं फारसें कांहीं लागणार नाहीं. पण ज्या सावकाशीनें तीं माणसें आपल्या समोर येऊन बसतात, त्या सावकाशींतच त्यांचें दारिद्र्य, त्यांचा मानीपणा व त्यांच्या मुलखांतला पावसाचा दुष्काळ आपल्याला जाणवतो. पुढें जी. ए. कुलकर्णी यांनीं ‘काजळमाया’ (१९७२) सारख्या संग्रहांतून कथेला अशी लांबी व असा भार दिला कीं, त्यांतील दीर्घ कथा आजच्या कोणत्याहि नियमपत्रकांत बसणार नाहींत.

म्हणजे जो सांचा नवकथेनें पुढच्या दारानें बाहेर काढला, तो स्पर्धेच्या नियमपत्रकानें मागच्या दारानें आंत आणला आहे. आणि तोहि अधिक निकृष्ट रूपांत. फडके निदान वाचकाला रंजविण्यासाठीं तंत्र सांगत होते. आतांचें तंत्र परीक्षकाला जागें ठेवण्यासाठीं आहे.

स्पर्धांचे कैवारी यावर तीन उत्तरें देतात. त्यांचा एकेक करून विचार करूं.

पहिलें उत्तर असें कीं, मर्यादेनें शिस्त लागते. या मताच्या पुष्ट्यर्थ एडगर ॲलन पोचें नांव हटकून घेतलें जातें. १८३३ सालीं बाल्टिमोरच्या एका साप्ताहिकाच्या स्पर्धेंत त्याच्या कथेला पन्नास डॉलरांचें बक्षीस मिळालें, आणि पुढें १८४२ सालीं हॉथॉर्नच्या कथांचें परीक्षण करतांना त्यानें असें प्रतिपादन केलें कीं, कथा एका बैठकींत वाचून व्हावी व तिनें एकच परिणाम साधावा. हें खरें आहे. पण या एका बैठकीसाठीं पोनें वेळ किती दिला होता? अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत. कथेच्या बांधेसूदपणाविषयीं सर्वांत कडक असलेला हा शास्त्रकार दोन तास देतो, आणि आमचें पंधराशें शब्दांचें नियमपत्रक दहा मिनिटें देतें. शिवाय पोनें माप धरलें तें वाचकाच्या बैठकीचें, शब्दांच्या मोजदादीचें नव्हे.

दुसरें नांव चेकॉव्हचें. सेंट पीटर्सबर्गच्या ‘ओस्कोल्की’ या विनोदी साप्ताहिकासाठीं तो लिहीत असे, आणि तेथें मर्यादा सुमारें शंभर ओळींची होती. त्या मर्यादेनें त्याच्या लेखणीला काटकसर शिकविली, हें मला मान्य आहे. परंतु १८८६ सालीं ग्रिगोरोविच या वृद्ध साहित्यिकानें त्याला पत्र लिहून घाईचें लेखन थांबविण्याचा उपदेश केला, आणि एका कथेवर एका दिवसाहून अधिक काळ काम केल्याचें आपल्याला आठवत नाहीं, अशी कबुली चेकॉव्हनें उत्तरांत दिली. त्यानंतर दोन वर्षांनीं, १८८८ मध्यें, त्यानें ‘स्टेप’ ही दीर्घ कथा प्रसिद्ध केली. एक लहान मुलगा गाडींत बसून माळरानांतून दूरच्या गांवीं शाळेसाठीं जातो, एवढाच तिचा विषय. शंभर ओळींच्या शाळेंतून तो बाहेर पडला म्हणून तें माळरान आपल्याला दिसलें. मर्यादा काटकसर शिकवूं शकते. गति शिकवूं शकत नाहीं. काय गाळावें हें तिला कळतें, कोठें थांबावें हें कळत नाहीं. शाळेंत जाणें चांगलें. पण शाळेंतच म्हातारें व्हावें असें कोणी म्हणत नाहीं.

दुसरें उत्तर असें कीं, आजच्या वाचकाला वेळ नाहीं. हें विधान इतक्या आत्मविश्वासानें केलें जातें कीं, तें तपासून पाहावें असें कोणाला वाटतच नाहीं. जो वाचक एकच मालिका वर्षानुवर्षें रोज संध्याकाळीं पाहातो, त्याला वीस पानांच्या कथेसाठीं वेळ नाहीं असें म्हणणें म्हणजे आपल्या कथेचा दोष त्याच्या घड्याळावर ढकलणें होय. ज्या जिल्ह्यांत पंढरपूर आहे, तेथें तर हें बोलतांना जीभ अडखळावी. कीर्तनकार ऐन रंगांत आलेलें आख्यान थांबवितो, अभंगाच्या एका चरणाभोंवतीं दहा मिनिटें फिरतो, आणि श्रोते उठून जात नाहींत. उलट त्या थांबण्यासाठींच बसलेले असतात. आमच्याच जिल्ह्यांतील अकलूजला १९२७ सालीं जन्मलेले द. मा. मिरासदार यांनीं शंकर पाटील व माडगूळकर यांच्याबरोबर महाराष्ट्रभर कथाकथनाचे कार्यक्रम केले. ज्यांनीं ते ऐकले त्यांना ठाऊक आहे कीं, मिरासदारांचा विनोद घाईनें येत नसे. भोकरवाडीच्या चावडीवर कोण कोठें बसला आहे, कोणी तंबाखू मळली, कोण उगाच खांकरला, हें सारें सावकाश मांडून झाल्यावर हंशा पिके. आणि तो पिके तो त्या सावकाशीमुळें. श्रोत्याला वेळ नसतो असें नाहीं. आपला वेळ वायां जाणार नाहीं अशी खात्री त्याला हवी असते, आणि ती खात्री पहिल्या ओळींतल्या प्रेतानें मिळत नाहीं.

तिसरें उत्तर सर्वांत वजनदार आहे, व त्याचा मला आदर आहे. तें असें कीं, मोठमोठ्या लोकांनीं स्पर्धेंत भाग घेतला आहे. बंगालमध्यें कुंतलीन या केशतेलाच्या कारखानदारानें १८९६ सालीं कथास्पर्धा सुरू केली. अट अशी कीं, कथेंत तेलाचा उल्लेख यावा, पण ती जाहिरात वाटूं नये. अशा चमत्कारिक अटीखालीं जगदीशचंद्र बोस यांनीं पहिल्याच वर्षीं बक्षीस मिळविलें. खवळलेल्या समुद्रावर तेल ओतून तुफान शमविण्याची त्यांची कथा बंगालींतील आरंभींच्या विज्ञानकथांत गणली जाते. १९०३ च्या सुमारास शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची ‘मंदिर’ ही कथा याच स्पर्धेंत पहिली आली; ती त्यांनीं आपल्या एका मामाच्या नांवानें पाठविली होती. आणि आपल्याकडे १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा-स्पर्धेंत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलें बक्षीस मिळालें, तेव्हां लेखकाचें नांव नारायण विनायक जगताप असें होतें. तो लेखक म्हणजे जयंत विष्णु नारळीकर हें मागाहून उघड झालें. आपलें अक्षर ओळखलें जाऊं नये म्हणून त्यांनीं कथेची प्रत आपल्या पत्नी मंगला नारळीकर यांच्याकडून लिहवून घेतली होती.

या उदाहरणांवरून स्पर्धा वाईट नाहीं हें सिद्ध होतें, आणि तें मीहि मानतों. परंतु स्पर्धेंत चांगलें काय असतें, तेंहि यांवरून स्पष्ट होतें. जगद्विख्यात होऊं घातलेला खगोलशास्त्रज्ञ आपलें नांव झांकून रांगेंत उभा राहातो आणि केवळ कथेवर निवडला जातो, ही स्पर्धेची खरी थोरवी. संपादकांची ओळख नसलेल्या, मुंबई-पुण्यापासून दूर असलेल्या मुलाला तें एक दार असतें. दार असावें, तें रुंद असावें, माझी तक्रार एवढीच आहे कीं, आपण चौकट इतकी ठेंगणी केली आहे कीं, आंत येणाऱ्या प्रत्येकाला वांकूनच यावें लागतें, आणि पुढें वांकून चालण्याचीच संवय होते.

आतां माझ्या अपराधाकडे वळतों. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एका विद्यार्थिनीनें मला एक कथा दाखविली. तींत एक म्हातारा गिरणीकामगार होता. गिरणी बंद पडून पुष्कळ वर्षें लोटलीं होतीं, भोंगा कायमचा मुका झाला होता. तरी हा म्हातारा भोंग्याच्या वेळीं उठे, डबा घेई, आणि गिरणीच्या फाटकापर्यंत चालत जाऊन परत येई. याहून अधिक कथेंत कांहींच घडत नव्हतें. पण तें चालणें पांच पानें चाललें होतें. कोणत्या वळणावर तो दम खाई, कोणत्या चहाच्या गाड्यावर त्याला अजून ‘जॉबर’ म्हणून हांक मारीत, कोणत्या बोळांतून विड्या वळणाऱ्या बायकांचें तेलुगू बोलणें ऐकूं येई, तें सारें त्या पानांत होतें. घरीं परतल्यावर म्हातारा डबा घांसून पालथा घालतो. डबा सकाळीं रिकामाच नेला होता, हें वाचकाला तेथें उमगे. लेखिकेनें तें कोठेंहि सांगितलें नव्हतें.

मीं तिला म्हटलें, “कथा चांगली आहे, पण स्पर्धेला चालायची नाहीं. मधलें चालणें काढून टाक. सुरुवातीलाच त्याला फाटकापाशीं पडलेला दाखव.”

तिनें विचारलें, “सर, मग तो रोज जातो हें कसें कळेल?”

“एका वाक्यांत सांगून टाक,” मी म्हणालों.

तिनें तसें केलें. तिला दुसरें बक्षीस मिळालें, समारंभांत मीहि टाळ्या वाजविल्या. छापलेली कथा मीं वाचली तेव्हां तींत एक म्हातारा मरत होता आणि वाचकाला त्याची दया येत होती. मूळ कथेंत वाचक त्या म्हाताऱ्याबरोबर चालत होता. दया येणें आणि बरोबर चालणें यांत जें अंतर आहे, तेवढें अंतर मीं एका वाक्यांत कापून टाकलें होतें. त्यानंतर त्या मुलीनें अनेक स्पर्धांना कथा पाठविल्या. त्यांतल्या ज्या मीं पाहिल्या, त्या सर्वांची सुरुवात कोणाच्या तरी मरणानें होते. गेल्या वर्षीं मीं तिला ती जुनी कथा मागितली. ती म्हणाली, “सर, तीं पानें मीं तेव्हांच टाकून दिलीं. नियमांत बसत नव्हतीं ना.”

तिच्या त्या एका प्रश्नांत या सर्व वादाचें उत्तर होतें, आणि तें मला, तीसएक वर्षें साहित्य शिकविणाऱ्याला, ऐकूं आलें नाहीं. ‘तो रोज जातो’ ही माहिती एका वाक्यांत सांगतां येते. पण रोज जाणें म्हणजे काय, तें वाचकाकडून तेवढा काळ घेतल्याशिवाय त्याला कळत नाहीं. म्हणून कथा आंखडूं पाहाणाऱ्या प्रत्येक लेखकानें स्वतःला विचारावें: या ओळी कापल्यानें माहिती गेली कीं काळ गेला? माहिती गेली असेल तर ती दुसरीकडे देतां येते. काळ गेला असेल तर तो भरून काढतां येत नाहीं.

नुसता दोष दाखवून थांबणें योग्य नव्हे. स्पर्धा भरविणाऱ्या संस्थांपुढें माझ्या चार सूचना आहेत. पहिली, शब्दमर्यादा ठेवावयाचीच असेल तर ती निदान सहा-सात हजारांपर्यंत वाढवावी, किंवा आंखूड व दीर्घ कथांचे दोन स्वतंत्र विभाग करावे. दुसरी, एका परीक्षकाकडे पंचवीसांहून अधिक कथा देऊं नयेत. परीक्षक मिळत नसतील तर बक्षिसांची संख्या कमी करावी, पण वाचन कमी करूं नये. तिसरी, लेखकाचें नांव कटाक्षानें झांकावें. चौथी, निकालाबरोबर परीक्षकांचें सही केलेलें लेखी मत प्रसिद्ध करावें. कोणत्या कथेंत कोठें घाई झाली व कोठें रेंगाळणें झालें, हें त्यांत स्पष्ट असावें. परीक्षकाला असें लिहावें लागलें कीं, त्याला वाचावेंहि लागेल.

परीक्षकांस माझें सांगणें एवढेंच कीं, ज्या कथेंत आपण कंटाळलों, ती पुनः सकाळच्या वेळीं वाचावी. कंटाळा कथेचा होता कीं आपला, हें तेव्हां कळेल. आणि तरुण लेखकांनीं कथा आधीं लिहावी, मग तिला साजेशी स्पर्धा शोधावी. न सांपडली तर ती मासिकाकडे किंवा दिवाळी अंकाकडे पाठवावी. स्पर्धेच्या मापानें कापावीच लागली, तर मूळ प्रत जपून ठेवावी. बक्षिसाची रक्कम खर्च होऊन जाते, मानपत्र भिंतीवर पिंवळें पडतें. मूळ प्रत असली तर तिचा केव्हां तरी उपयोग होतो.

येत्या उन्हाळ्यासाठीं त्याच संस्थेचें निमंत्रण मला आलें आहे. पंचवीस कथा पाठविल्यास आनंदानें वाचीन, त्याहून अधिक आल्यास गठ्ठा न सोडतां परत करीन, असें मीं कळविलें आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.